न बोलण्यात नऊ गुण

आमच्या घरात प्रेशरचे दोन पेशंट आहेत. एक मी आणि दुसरी वडिलांनी मागे ठेवलेली १९९४ सालची पद्मिनी. माझं प्रेशर वर जातं, तिचं खाली. दोघांची सरासरी काढली तर आम्ही ठणठणीत आहोत. पण सरासरीवर गाडी चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. ॲक्सिलरेटर दिला की विझायचा. मी त्यावर तातडीने उपाय केला. सिग्नल टाळून गल्लीबोळांतून बँकेत जाऊ लागलो. शेवटी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, ताप आला म्हणून थर्मामीटर लपवतात का?" तेव्हा कुठे गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने आधी डिपस्टिक ओढली. ऑइल बरोबर खुणेवर होतं. मग त्याने त्याचा वास घेतला. पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं म्हणे. तसाही वास नव्हता. मग संशय दिव्याच्या स्विचवर आला. मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलून टाकला. दोष निघायचाच असेल तर चहाडी करणाऱ्याचा निघावा, ही माझी जुनी इच्छा. आमच्या शाखेत ऑडिटर येतो तेव्हाही मला हेच वाटतं.

स्विच बदलला. दिवा लागला तो लागलाच. मग मिस्त्रीने स्विचच्या जागी काट्याचा गेज बसवला. इंजिन गार असताना काटा ऐटीत वर. गरम झाल्यावर, आयडलिंगला, सरळ पाचावर! हजार फेऱ्यांना दहा पौंड हा गॅरेजमधला ढोबळ हिशेब. म्हणजे दिवा बिचारा खरंच बोलत होता.

त्याने चेंबर उघडला. जाळी स्वच्छ, पंपाचे गिअर ठीक, रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंगही शाबूत. बेअरिंगांवर मात्र तांबं दिसू लागलेलं. "साहेब, पंप नुसतं तेल ढकलतो," तो म्हणाला. "फटी बारीक असतात म्हणून प्रेशर बनतं. फटी वाढल्या, तेल निसटलं. क्रँक ग्राइंड करून नवे बेअरिंग टाकायला पाहिजेत." खर्चाचा आकडा ऐकून माझं प्रेशर दोघांना पुरेल इतकं चढलं. ते पाहून त्याने आवाज खाली आणला. "विकायची असेल तर जाड ऑइल भरतो. काही दिवस तरी दिवा लागायचा नाही."

मी भरायला सांगितलं. खोटं कशाला बोलू?

गिऱ्हाईकही चालून आलं. आमच्याच शाखेतला कॅशियर. त्याच्या वडिलांनी मुंबईत जन्मभर पद्मिनी टॅक्सी चालवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्स्याही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून म्हातारा गप्प गप्प असतो. त्याला दारात एक पद्मिनी उभी करून द्यायची, अशी पोराची हौस.

बी.कॉम.ला शिकलेलं मला आयुष्यात एकदाच आठवलं, आणि तेही नको त्या वेळी. १८७२ च्या करार कायद्याचं सतरावं कलम. त्यात एक घोडा आहे. घोडा सदोष आहे हे मालकाला ठाऊक आहे. लिलावात तो विकताना मालक काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. वाचून मला त्या मालकाबद्दल घरचा माणूस भेटल्यासारखं प्रेम वाटलं! पण त्याच कलमात, जाणूनबुजून दोष झाकणं ही फसवणूक, असंही आहे. म्हणजे मी गप्प बसलो तर घोडेवाला; पण जाड ऑइल भरलं ते मात्र घोड्याला रंग लावण्यातलं. शिवाय तोच घोडा तिथे पुन्हा येतो. गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा चांगला आहे असं मी समजेन." अशा वेळी गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी कॅशियर चहा ओतता ओतता म्हणाला, "काका, मी काय बघायची गाडी? काही असतं तर तुम्ही बोललाच असता."

करार कायदा शिकलेला नसताना त्याने नेमकं तेच वाक्य म्हणावं! माझा चहा गार झाला. मी बेअरिंगचं सांगितलं. सांगायला लागल्यावर थांबता येईना. जाड ऑइलचंही सांगून टाकलं.

तो काही क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून त्याने गाडी घेतली. घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "खरं बोलणं पंचवीस हजारांना पडलं. पण पडू दे."

खरी किंमत मला सोमवारी कळली. काउंटरवर मी नोटांचं बंडल पुढे केलं. इतकी वर्षं माझी बंडलं तो न मोजता ड्रॉवरमध्ये टाकायचा. त्या दिवशी त्याने ते सोडलं, अंगठ्याला पाणी लावलं आणि मोजलं. दोनदा.

वाईट वाटलं. पण बंडल मोजायचंच असतं. मी डोळे मिटून घेतले नसते तर माझाही दिवा वेळेवर दिसला असता. हल्ली मीही माझं बंडल त्याच्याकडे देण्याआधी एकदा मोजतो. म्हातारा मात्र रविवारी गाडी काढतो. नवे बेअरिंग बसलेत. सिग्नलला दिवा लागत नाही, असं ऐकून आहे.