नैवेद्य चाखायचा नसतो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गाणगापूरला मी तीनदा जाऊन आलो. दुपारी माधुकरी मागितली. कुणी भाकरीचा तुकडा वाढला, कुणी गार भात. ते खाताना डोळे भरून आले. मीठ कमी होतं की जास्त, आठवत नाही. भिक्षेच्या अन्नाला नावं ठेवायची नसतात. मग घरच्या अन्नाला मी ४१ वर्षं नावं कशी ठेवली?

यंदा आषाढात सौ.चा उजवा हात मोडला. चार दिवस डबा आणला. पाचव्या दिवशी तिने पोळी तशीच ठेवलेली पाहिली आणि सत्तरीत मी गॅसपाशी उभा राहिलो. ती दारात खुर्ची टाकून बसे. "अहो, तेल तापू द्या. मोहरी तडतडली की हिंग, हळद." घाई केली तर मोहरी कच्ची, थांबलो तर काळी. वरण-भात आठवड्यात जमला. अडलं ते घेवड्यापाशी.

गुरुचरित्राच्या १८व्या अध्यायातला घेवडा आपण सारे जाणतो. गरीब ब्राह्मणाच्या घरी महाराजांनी शेंगांच्या भाजीची भिक्षा घेतली, जाताना वेल उपटला, आणि मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. पारायणात माझं मन नेहमी त्या कुंभापाशी थांबायचं. शेंगांच्या शिरा कुणी काढल्या असतील, हे कधी मनात आलं नाही.

माझ्या पहिल्या भाजीत शिरा तशाच राहिल्या. सौ. एकेक शीर ताटाच्या कडेला ठेवत जेवली. "कशी झाली?" "छान."

ते 'छान' मला लागलं. तिच्या जागी मी असतो तर ताट सरकवलं असतं. सरकवलं आहे, पाहुण्यांसमोरसुद्धा. कुणी म्हणेल, चूक सांगितल्याशिवाय सुधारणा कशी होणार? म्हणून मीच म्हटलं, खरं सांगत जा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मीठ कमी आहे." आणि मला राग आला! दीड तास खपून केलेली भाजी! तो राग गिळताना कळलं, तिने किती गिळला असेल. मीठ कमी म्हणायला हरकत नाही. पण म्हणणाऱ्याने कधीतरी शेंगा निवडलेल्या असाव्यात.

तिचा हात आता बरा आहे. संध्याकाळचा स्वयंपाक मात्र माझ्याकडेच राहिला. याला सेवा म्हणायला जीभ धजत नाही. तिच्या ४१ वर्षांना आमच्या घरात कुणी तो शब्द वापरला नव्हता, मी तर नाहीच.

दत्तजयंतीच्या नैवेद्याचा घेवडा यंदा मी करणार. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, मग मीठ किती घालायचं, विचारलं. म्हणाली, "मी तरी कुठे चाखत होते? हाताला कळतं."

माझ्या हाताला अजून कळत नाही. मीठ तीच घालेल.