डावाचा भाव

पुढें काय घडेल हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्रास स्वाभाविक आहे. तीस कोणी पाप म्हणणार नाहीं. परंतु ज्या भविष्याचा आपण बाजारांत भाव लावतों, तें घडविणाराही माणूसच असेल, तर त्याच्यावर त्या भावाचा परिणाम काय होतो, याचा विचार कोणीं करावयाचा?

संगणकावरील खेळांच्या सामन्यांवर हल्लीं भाकितांचे बाजार भरतात, त्यामुळें हा प्रश्न पुढें आला आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’चें उदाहरण घेऊं. पांच-पांच गड्यांचे दोन संघ. सामना बहुधा तीन डावांचा. प्रत्येक डाव निराळ्या नकाशावर, म्हणजे निराळ्या रणभूमीवर. आणि दोन डाव जिंकील त्याचा सामना. बाजारांत सामन्याप्रमाणेंच एकेका नकाशाचाही स्वतंत्र भाव निघतो. ‘अमुक संघ दुसरा नकाशा जिंकील’ हा रोखा ६० सेंटांस विकला जात असेल, तर भाकीत खरें ठरल्यास त्याचा एक डॉलर मिळतो, खोटें ठरल्यास कांहींच नाहीं. अर्थात् बाजाराच्या मतें त्या जयाचा संभव शेंकडा ६० आहे.

या बाजाराच्या कैवाऱ्यांचें म्हणणें पोरकट नाहीं. समाजांत विखुरलेलें ज्ञान किंमतीच्या द्वारें एकत्र येतें, हें अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनीं १९४५ सालीं मार्मिकपणें मांडलें. कोणत्या संघास कोणता नकाशा मानवतो, हें अनेक प्रेक्षकांस थोडथोडें ठाऊक असतें. तें सारें एका आंकड्यांत उतरलें, तर बिघडलें कोठें?

बिघाड ज्ञानांत नाहीं, ज्ञानाच्या विषयांत आहे. मुंबईच्या जुगारप्रतिबंधक कायद्यांत पावसावरील पैजेचाही उल्लेख आहे. पण पावसास भाव वाचतां येत नाहीं. लोकांनीं कितीही पैसा लावला, तरी मेघ लांच घेत नाहीं. गडी मात्र भाव वाचतो, आणि डाव त्याच्याच हातीं असतो.

शिवाय पैजेचा विषय जितका लहान, तितका मोह मोठा. सबंध सामना विकणारा आपल्या संघाचा उघड घात करतो. परंतु दोनास एक अशा फरकानें सामना जिंकूनही एक नकाशा विकतां येतो, आणि मन म्हणतें, ‘कोणाचें काय गेलें?’ २०१० सालीं लॉर्ड्सवर पाकिस्तानी गोलंदाजांनीं ठरवून टाकलेले नो-बॉल असेच क्षुल्लक होते. २०११ मध्यें लंडनच्या न्यायालयानें त्यांबद्दल शिक्षा ठोठावली. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्येंही ऑगस्ट २०१४ मध्यें अमेरिकेंतील आयबायपॉवर हा बलाढ्य संघ दुबळ्या प्रतिस्पर्ध्याकडून मुद्दाम हरला, मोबदला होता खेळांतील नक्षीदार शस्त्रांचा. जानेवारी २०१५ मध्यें व्हॉल्व्ह कंपनीनें दोषी गड्यांस आपल्या स्पर्धांतून दूर केलें.

भारतांत २०२५ च्या कायद्यानें ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली. हा विवेक योग्यच. पण कायदा बाजार बंद करील, पाहणाराची दृष्टि कशी बदलील? सर्वांत मोठी हानि लबाडाची नव्हे, सरळ माणसाची होते. ज्या नकाशावर पैसा लागला आहे, तेथें एखाद्या तरुणाचा हात खरोखरच चुकला, तरी पाहणारे पुटपुटतात, ‘किती घेतले?’ प्रामाणिकपणें हरतां येणें हा खेळाडूचा पहिला हक्क आहे. ज्या कुतूहलाच्या पायीं तो हिरावला जातो, तें कुतूहल निष्पाप म्हणवत नाहीं.