धर्म बदलला, पायरी का बदलली नाही?



वैभववाडी रोड स्टेशनावर मडगावकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काही तासांत आपण गोव्यात असतो. आपल्या वाड्यांतील कितीतरी मुले तिकडे कामाला आहेत. गोवा म्हटले की समुद्र आणि चर्च एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. त्या भूमीतला सर्वांत जुना माणूस कोण आणि त्याचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. धर्मांतर केलेल्या घराने तरी हे विचारायलाच हवे. कारण त्या माणसाचेही धर्मांतर झाले. त्यातल्या काहींचे तर दोनदा झाले. आणि दोन्ही वेळा तो होता त्याच पायरीवर राहिला. असे का व्हावे?

हा माणूस म्हणजे गावडा. गावडा, कुणबी, वेळीप हे गोव्याचे मूळ रहिवासी मानले जातात. रान तोडून, खारे पाणी बांधाने अडवून ज्यांनी तिथे पहिली शेते काढली ते हेच लोक, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी जमीन त्यांच्या हातून निसटत गेली होती. वर गावकर आणि देवस्थान, खाली राबणारा गावडा, अशी मांडणी झालेली होती. म्हणजे गुलामगिरीची सुरुवात गोऱ्या माणसाने केली असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. उतरंड येथलीच होती. परका सत्ताधीश आला आणि त्याने त्या उतरंडीवर आपला क्रूस बसवला.

1510 साली आफोंसो द आल्बुकर्क याने गोवा शहर घेतले. 1543 साली बार्देश आणि साष्टी हे प्रांत पोर्तुगीजांकडे गेले. हे सर्व कोणत्या अधिकाराने? रोमच्या पोपने 1455 साली एक आज्ञापत्र काढून ख्रिस्तेतर लोकांचे देश जिंकण्याचा आणि तेथील लोकांना दास करण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाला दिला होता. ज्यांचे देश द्यायचे त्यांना कोणी विचारले नव्हते. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली. 1560 पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले. 1774 ते 1778 ही मधली थोडी वर्षे सोडली तर 1812 पर्यंत ते चालू होते.

यातली एक गोष्ट आयाबहिणींनी नीट ऐकावी. 1559 साली पोर्तुगालच्या राजाने आज्ञा काढली की, हिंदूंची पोरकी मुले जेजुइट पाद्र्यांच्या हवाली करावीत आणि त्यांना ख्रिस्ती करून वाढवावे. पोरके कोणाला म्हणायचे याची व्याख्या पुढे ताणली गेली. बाप मेला की मूल पोरके, मग आई दारात उभी असली तरी! ऑस्ट्रेलियातील मूळनिवाशांच्या बाबतीत विसाव्या शतकात हेच घडले. सरकारने आणि मिशनांनी त्यांची मुले आईच्या कुशीतून उचलून संस्थांत ठेवली. 1997 साली त्या प्रकाराचा सरकारी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला आणि 13 फेब्रुवारी 2008 रोजी त्या देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. कॅनडातील मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल 2022 साली पोपनी तेथे जाऊन क्षमा मागितली आणि 2023 साली रोमने त्या जुन्या आज्ञापत्रांमागचा सिद्धांतही नाकारला. 1455 नंतर 568 वर्षांनी!

आता धर्मांतर झालेल्या माणसाच्या घरात काय बदलले ते पाहू. 1684 साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोकणी बोलणे सोडून पोर्तुगीज बोलावे. 1736 साली धर्मन्यायालयाने ख्रिस्ती झालेल्यांसाठी मनाई-हुकूम काढला. लग्नात जुनी गाणी म्हणायची नाहीत. देशी वाद्ये वाजवायची नाहीत. हळद लावायची नाही, विड्याची पाने वाटायची नाहीत, दारात तुळस लावायची नाही. पुरुषाने धोतर नेसायचे नाही, बाईने चोळी घालायची नाही. भात बिनमिठाचा शिजवायचा नाही, कारण तशी रीत हिंदूंची! माणसाच्या चुलीवरच्या मडक्यात डोकावणारा हा धर्म होता.

वाचकहो, या मनाईच्या यादीत जात नाही. हळद आहे, पान आहे, मीठ आहे, जात नाही! बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण ‘बामण’ म्हणून राहिला, त्याच्या खाली ‘चाड्डो’, त्याच्या खाली ‘सुदिर’, आणि तळाशी गावडे, महार, चांभार. चर्चच्या उत्सवांचा मान ज्या बंधुमंडळांकडे असे, ती ‘कोंफ्रारिया’ मंडळेही जातीप्रमाणे वाटलेली. साष्टीतल्या अनेक चर्चमध्ये मानाच्या मंडळाचा झगा खांद्यावर घेण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्या वरच्या जातींपुरता राहिला. ‘बंधुमंडळ’ हे नाव, आणि बंधू कोण ते जन्मावरून ठरायचे. सोयरीक जातीतच. भाटकार, म्हणजे जमिनीचा मालक, ख्रिस्ती असो की हिंदू, त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राबणारा मुंडकार मात्र बहुधा गावडा किंवा दुसऱ्या खालच्या जातीचा. भाटकाराने उठ म्हटले की झोपडी मोडायची. या मुंडकाराला घरातून हुसकावू नये यासाठी कायदा व्हायला 1975 साल उजाडावे लागले. पोर्तुगीज तेव्हा जाऊन चौदा वर्षे झाली होती.

असे का झाले याचे उत्तर अवघड नाही. सत्ताधीशाला कर हवा होता, पिकणारी शेते हवी होती, गाव शांत हवा होता. गावावर ज्यांचा वचक त्यांनाच बाटवले आणि त्यांचा मान शाबूत ठेवला की बाकीचे गाव मागून येते. जात मोडायची म्हटली असती तर याच लोकांशी वैर घ्यावे लागले असते. हळद पुसायला फार काही लागत नाही. अशा धर्मांतरात माणसाचे स्वतःचे जे होते, त्याची भाषा, त्याचे गाणे, त्याचे नाव, ते काढून घेतले गेले. दुसऱ्यांनी त्याच्यावर लादलेले जे होते ते तसेच राहिले.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र लेखन करून ठेवले. ते 1989 साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात छापले गेले. मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले हे ते मान्य करतात. पण धर्म बदलल्यावर त्या माणसाची जात गेली का, त्याच्यावरचा अन्याय दूर करायला चर्च उभे राहिले का, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. आपणही मिशनऱ्यांचे देणे नाकारू नये. महात्मा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. गोव्यातच फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि 1616 साली ते छापले गेले. जी भाषा मिशनरी एवढ्या आवडीने शिकला तीच भाषा त्याच्या राजाने पुढे बंद करू पाहिली. माणसे चांगली असूनही व्यवस्था वाईट असू शकते, हे आपल्याला नवीन नाही.

आता दुसऱ्या धर्मांतराकडे वळू. पोर्तुगालमध्ये 1910 साली राजेशाही गेली, सरकार आणि चर्च वेगळे झाले, आणि गोव्यातील हिंदूंना मोकळीक मिळाली. 1928 साली मसूर आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात आले आणि त्यांनी मुख्यतः तिसवाडीकडच्या सात-आठ हजार ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी करून त्यांना हिंदू करून घेतले. सभा झाल्या, भजने झाली, वर्तमानपत्रांतून जयजयकार झाला. पुढे काय? जे आधीपासून हिंदू होते त्या गावड्यांनी त्यांच्याशी रोटीबेटी केली नाही. ख्रिस्ती राहिलेल्या भाऊबंदांशी संबंध तुटले. एकाच गावड्याचे तीन तुकडे झाले: हिंदू गावडा, ख्रिस्ती गावडा आणि ‘नवहिंदू गावडा’. ‘शुद्धी’ या शब्दातच सगळे आले. माणूस आधी अशुद्ध आहे असे ठरवल्याशिवाय त्याची शुद्धी कशी करणार? आणि त्याला शुद्ध करून ठेवले कोठे, तर चातुर्वर्ण्याच्या त्याच तळाशी.

‘नव’ हे अक्षर तुमच्या ओळखीचे आहे. सरकारी कागदावर आपल्यालाही ‘नवबौद्ध’ म्हणतात. चारशे वर्षांच्या ख्रिस्त्याला कोणी ‘नवख्रिस्ती’ म्हणत नाही, पण 1928 चा नवहिंदू आजही नवहिंदूच आहे. नातवंडे म्हातारी झाली तरी ‘नव’ सुटत नाही. हे अक्षर वय सांगत नाही. तुम्ही मूळचे कोण होता ते आम्ही विसरलेलो नाही, एवढेच ते सांगते.

कायद्याचा खेळ तर आणखी विचित्र. 2003 साली गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप अनुसूचित जमातींच्या यादीत आले. या यादीला धर्माची अट नाही, म्हणून हिंदू, ख्रिस्ती, नवहिंदू, तिघेही गावडे सरकारी कागदावर पुन्हा एक झाले. अनुसूचित जातींना मात्र 1950 च्या आदेशाने धर्माची अट घातली. आपल्याला केंद्राच्या सवलती मिळायला 1990 साल लागले. ख्रिस्ती झालेल्या महाराला त्या आजही नाहीत. म्हणजे धर्म बदलला तरी गावड्याचा मागासलेपणा जात नाही हे सरकारला दिसते आणि महाराचा मात्र जातो असे ते धरून चालते! चर्चच्या मागल्या बाकावर बसलेल्या त्या दोघांना हा भेद समजावून सांगण्याचे काम कोणी अंगावर घेईल असे वाटत नाही.

म्हणून आजच्या ख्रिस्ती गावड्याला ‘तुझा धर्म परक्याचा, परत ये’ असे सांगायला आपण जाऊ नये. हा त्याच्या आजीचा, पणजीचा धर्म आहे. त्यात तो मनापासून प्रार्थना करतो. परत ये म्हणजे कोठे परत ये? त्याला एकच गोष्ट कधी मिळाली नाही. दोन्ही वेळा धर्म त्याच्यापाशी दुसऱ्याने आणला, मुहूर्त दुसऱ्याने ठरवला. काय सोडायचे आणि काय ठेवायचे हेही दुसऱ्यानेच. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्यात घोषणा केली आणि 1956 साली नागपुरात दीक्षा घेतली. मधल्या एकवीस वर्षांत सभा झाल्या, वाद झाले, लोकांनी प्रश्न विचारले. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले तेच, ऐकीव म्हणून मानू नका. आपल्या वाडवडिलांनी कोकणातल्या गावऱ्हाटीतला ‘मान’ सोडला, मेलेली ढोरे ओढणे सोडले, ते कोणाच्या हुकमाने नव्हे. त्या मानात अपमान आहे हे त्यांना स्वतःला कळले होते. त्याची किंमतही त्यांनी मोजली.

परंतु आपल्या घरात काय चालले आहे? एखादी म्हातारी नातवाला जोजवताना विठ्ठलाचे नाव असलेली ओवी गुणगुणते. तिच्यावर सुशिक्षित मुलगा खेकसतो, ‘आई, बावीस प्रतिज्ञा विसरलीस काय?’ तोच मुलगा सोयरीक जुळवताना हळूच विचारतो, ‘ते बौद्ध खरे, पण मूळचे कुठल्यांपैकी?’ मातंग किंवा चर्मकार समाजातून दीक्षा घेतलेल्या घरात मुलगी द्यायची वेळ आली की अनेक घरांत बोलणे थांबते. दैवताची पूजा सोडायची आहे हे खरेच, त्यात तडजोड नाही. पण ओवीवर राग आणि पोटजातीला मुभा, हा 1736 च्या हुकमाचाच नमुना झाला.

ओवीची काळजी नसावी, ती आपला रस्ता काढते. गोव्यातल्या गावड्यांच्या बायका, हिंदू तशा ख्रिस्तीही, पौषाच्या चांदण्यात धालो गातात. धर्मन्यायालय संपले, धालो राहिले. मराठवाड्यात, माजलगावच्या बाया जात्यावर भीमरावांच्या, रमाबाईंच्या ओव्या गाऊ लागल्या. त्यांना तसे करायला कोणी सांगितले नव्हते. तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे काय काय आहे ते वहीत लिहून घ्या, दैवतांची नावे असलेल्या ओव्यांसकट. त्यात काय गावे आणि काय नुसते जपून ठेवावे हे बायकांनाच ठरवू द्या. आणि सोयरिकीचा जो प्रश्न वर काढला आहे तो येत्या पौर्णिमेच्या बैठकीत सर्वांसमोर मांडा. त्यावर बायका बोलेपर्यंत पुरुषांनी गप्प बसावे, अशी माझी सूचना आहे.