भाव कोणाचा कमी पडला?

नारदांच्या गादीवरून मी उतरलो त्याला आता सात वर्षे झाली. गळा साथ देईना, गुडघे उभे राहू देईनात. पण त्या गादीच्या अधिकाराने बोललेले एक वाक्य अजून मानेवर बसले आहे. ते आज तुमच्यापुढे उतरवून ठेवतो.

सेलू तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. काल्याच्या आदल्या दिवशी एक शेतकरी भेटायला आला. तापाने त्याचा मुलगा गेला होता. पोरगा अंथरुणावर असताना याने पारायण केले, पंढरीची वारी बोलला, अन्न सोडले. तरी गेला. त्याने विचारले, "महाराज, मी कुठं कमी पडलो?" मी लगेच सांगितले, "भाव कमी पडला असेल. देव भावाचा भुकेला आहे." तो पाया पडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी काल्याला आला नाही. माझा काला मात्र रंगला.

पुढे काही वर्षांनी पत्नीचे ऑपरेशन होते, म्हणून वर्ध्याच्या एका दवाखान्यात आठ-दहा दिवस राहिलो. शेजारच्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. तिची आई रात्री हलक्या आवाजात काही गुणगुणे. चाल अभंगाची, म्हणून मला वाटले बाई आपल्यातली आहे. विचारले तर नगरकडची ख्रिस्ती निघाली. ते भजन रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे होते. टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही कीर्तन त्यांनी सोडले नाही. गुणगुणणे थांबले की ती बाई देवाशी बोले. "बापा, लेक बरी होऊ दे. मला ती पाहिजे. तू आहेस ना?" एवढेच बोलून ती मुलीचे पाय चेपत बसे.

मीही पत्नीच्या उशाशी प्रार्थना करीत होतो. पण खरे सांगतो, माझ्या प्रार्थनेला चाल होती, प्रमाण होते, दृष्टांतही होता. समोर माणूस नसताना मी श्रोत्यांना ऐकवीत होतो. लूकच्या शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. मंदिरात एक धर्मपंडित आपल्या उपासांचा हिशेब देवाला वाचून दाखवतो आणि मागे उभा असलेला जकातदार वर न पाहता फक्त दया मागतो. येशू म्हणतो, देवाच्या दारी जकातदार मान्य झाला. ही गोष्ट मी नंतर वाचली. पंडिताचे वर्णन वाचताना आरशासमोर बसल्यासारखे झाले.

माझी पत्नी घरी आली. त्या बाईची मुलगी गेली.

सामान घ्यायला आली तेव्हा ती आमच्या खाटेजवळ थांबली आणि हात जोडून पत्नीसाठी चार शब्द मागितले. माझ्यातला कीर्तनकार गप्प बसेना. मी विचारले, "ताई, तुमचे तर ऐकले नाही त्याने. मग अजून मागता?" ती रागावली नाही. म्हणाली, "बाबा, त्याच्या मुलानंही बागेत मागितलं होतं. त्याचं तरी कुठं झालं?"

गेथशेमाने बागेतली ती रात्र. क्रुसाच्या आदल्या रात्री येशू घाबरलेला आहे, हा प्याला टळू दे म्हणून मागतो, आणि लगेच, माझे नको, तुझ्या मनाचे होवो, असेही म्हणतो. प्याला टळला नाही. पौलाच्या देहातही एक काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवले, निघाला नाही. आता, मोहरीएवढी श्रद्धा डोंगर हलवते, हेही त्याच ग्रंथात आहे, आणि त्याच्या आधाराने आजाऱ्याला दोष देणारे उपदेशक त्यांच्यातही आहेत. आपल्यात मी होतोच. पण मिळाले यावरून भाव मोजायचा, तर बागेतल्या त्या मागणाऱ्याचाच भाव कमी ठरतो. आणि आपले तुकोबा? दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली, संतोबा गेला. तुकोबांना, तुमचा भाव कमी पडला, असे सांगायची कोणाची छाती आहे? मग त्या शेतकऱ्याला सांगताना माझी का झाली?

नामदेवांच्या नैवेद्याची कथा मी शेकडो वेळा लावली असेल. लेकराचा भाव पाहून देव जेवला, की टाळ्या. पण ते लेकरू परीक्षा घ्यायला गेलेच नव्हते. बापाने ताट दिले, देव जेवतो असे त्याला वाटत होते, एवढेच. भाव म्हणजे बाजारातले नाणे नव्हे, की इतके मोजले तर इतका माल. उलट काही ज्ञानी लोक म्हणतात की मागणेच हलके, खऱ्या भक्ताने मागू नये. तेही मला पटत नाही. पोर तापाने फणफणत असता, मला काही नको, असे देवाला सांगणे म्हणजे त्याच्यापुढे लबाडी. ती बाई लबाडी करीत नव्हती. पाहिजे ते उघड मागत होती, आणि न मिळाल्यावर त्याच्या दारातून उठली नाही.

सेवाग्रामच्या आश्रमात सर्वधर्म प्रार्थना होते. बापू 1936 साली तिथे राहायला आले. त्या प्रार्थनेत ख्रिस्ती प्रार्थनाही असते. मी अनेकदा तिथे बसलो, पण पाहुण्याने पाहुण्याचे ऐकावे तसे ऐकले. त्या बाईनंतर ऐकणे बदलले.

गेल्या कार्तिकात मी त्या गावी गेलो. शेतकरी आता थकला आहे. त्याने ओळखले, चहा ठेवायला सांगितला. मी म्हणालो, "तुम्हाला तेव्हा जे बोललो ते खोटे होते. तुमचा भाव कमी पडला नव्हता. मला कळत नव्हते." तो बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "महाराज, मंग माहं चुकलं नव्हतं न?"

मी नाही म्हणून मान हलवली. चहा आला. त्याने पुन्हा तेच विचारले.