दीड फूट वर

गुडघा बदलल्यानंतरच्या सातव्या आठवड्यात फिजिओथेरपी द्यायला येणाऱ्या मुलीने प्लॅस्टिकचा कोनमापक माझ्या उजव्या गुडघ्याला लावला आणि म्हणाली, "काकू, एकशे बारा! मस्तच." पाय सरळ असला की हे लोक शून्य धरतात, म्हणजे मांडी आणि पोटरीमधला खरा कोन उरला ६८. तीस वर्षं गणित शिकवल्यावर असल्या वजाबाक्या आपोआप होतात. खुर्चीला ९० अंश पुरतात, जिन्याला जरा जास्त लागतात. मांडी घालायची तर १३० च्या पुढे जावं लागतं.

दारापाशी खाली बसून अक्का मेथी निवडत होती. तिने विचारलं, "मग आता मांडी घालून बसंल का ही?"

"नाही आजी. मांडी नाही, उकिडवं नाही. खुर्ची, पलंग, कमोड. जमीन आता विसरायची." एवढं बोलून तिने बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली.

"जमीन विसरायची," अक्का म्हणाली. "गॅस बंद करायची आठवण द्यावी तसं सांगून गेली बघ."

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची. कराडजवळच्या आमच्या गावाहून माझं करायला आली, ती अजून आहे. तिचेही दोन्ही गुडघे झिजलेत. एक्स-रे बघून तिलाही बदलायला सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. ती भिंत धरून उठते, उठताना मोठ्याने आईला हाक मारते आणि दहा मिनिटांनी पुन्हा खाली बसते.

कपाटावर माझी अर्धी गोधडी गुंडाळून ठेवलेली आहे. शाळेत नेसलेल्या सुती साड्यांची. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात शिवता शिवता थांबले, तेव्हा सुई आतच राहिली. सात आठवडे मी पलंगावरून त्या गुंडाळीकडे बघते आहे.

"खाली काढू का?" अक्काने विचारलं.

"कशाला? शिवायची कशी?"

"टेबलावर शीव."

इथून आमचं सुरू झालं. टेबलावर गोधडी शिवता येत नाही हे मी तिला समजावू लागले, जणू तिला ते माहीत नव्हतं. गोधडी जमिनीवर अंथरून तिच्यावरच बसायचं असतं. आपल्या वजनाने थर जागच्या जागी राहतात. डावा पाय आडवा, उजवा गुडघा उभा, त्या गुडघ्याच्या आधाराने कापड ओढून धरायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत सरकायचं. एक ओळ झाली की आपणही वीतभर सरकतो. टेबलावर अडीच-तीन किलोचं कापड एका बाजूने लोंबतं, थर घसरतात, खालचं अस्तर गोळा होतं.

"मग आधी दाट कच्चे टाके घाल, म्हणजे घसरणार न्हाय. आन् तुझी लेक त्या दिवशी फोनवर काय दाखवत हुती? लाकडी चौकट. तिकडं अमेरिकेत बाया खुर्च्या मांडून भवतीनं बसत्यात आन् शिवत्यात. त्या काय वाकळा न्हाईत?"

माहेरी वाकळ म्हणतात. पुण्यात येऊन माझी गोधडी झाली.

"त्या वेगळ्या, अक्का. चौकटीत कापड ताणलेलं असतं. आपल्या गोधडीवर टाक्याटाक्याला ज्या चुण्या पडतात, त्या कापड सैल असतं म्हणून. दोरा हाताने खेचला की कापड जरासं गोळा होतं. ते सगळं बसण्यातून येतं."

"पांघरणाऱ्याला चुणी दिसती? त्याला ऊब लागती."

"मला दिसते."

"मग सरळ सांग की. तुला वाकळ शिवायचीया का जमिनीवर बसायचंय?"

याला मी उत्तर दिलं, पण ते फार लांबलं. लांबलेलं उत्तर बहुतेक खोटं असतं, हे वर्गात मुलांच्या बाबतीत मला चटकन कळायचं. मी म्हटलं की हे दोन वेगळे करता येत नाहीत. हाताचं काम नुसत्या हातात नसतं. कुंभाराला चाक पाहिजे, तसं गोधडीला जमीन पाहिजे. खाली बसलं की घर वेगळं दिसतं, खुर्चीच्या खालची बाजू दिसते, उन्हाची तिरीप सरकताना दिसते. त्या दीड फुटाच्या फरकात काहीतरी असतं. अक्काने मेथीची जुडी संपवली आणि म्हणाली, "ऊन पलंगावरनं बी दिसतं."

मग मी दुसरी बाजू धरली. म्हटलं, समजा मी हट्टाने बसलेच. बसल्याबरोबर काही तुटत नाही हे खरं, काही लोक बसतातही. पण आत काय आहे ते बघ. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियमची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये कूर्चेच्या जागी पॉलिइथिलीनची चकती. पाय खोल दुमडला की त्या प्लॅस्टिकच्या मागच्या कडेवर दाब येतो. प्लॅस्टिक झिजलं की त्याचे बारीक कण भोवतालच्या हाडाला पोखरतात आणि सांधा सैल होतो. मग पुन्हा ऑपरेशन, आणि दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड.

"केवढ्याला पडला गं तुकडा?"

"नुसता सांधा पूर्वी दीड लाखाच्या वर जायचा. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा ५४,७२० रुपयांवर आला. दवाखान्याचं बिल वेगळं."

"आन् टिकतो किती?"

इथे मला जोर चढला, कारण हा आकडा माझ्याकडे होता. ऑपरेशनच्या आधी मी वाचून ठेवलं होतं. 'लॅन्सेट'मध्ये २०१९ साली हिशेब आला आहे की पूर्ण बदललेल्या दर १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षांनीही टिकून असतात. "आज मी सदुसष्ट," मी म्हटलं. "अधिक पंचवीस. ब्याण्णवपर्यंत जपला तर..."

"ब्याण्णव? आन् सुई कोण ओवून दील तवा?"

मी गप्प बसले. आत्ताच ओवायला मला दिवा लागतो. गुडघा टिकेल तोवर डोळे जातील, बोटं वाकडी होतील. मग हा गुडघा मी नक्की कशासाठी राखून ठेवते आहे? मी म्हटलं, चालण्यासाठी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, बँकेपर्यंत. कुणाला हाक न मारता बाथरूमपर्यंत. हे काय कमी आहे? अक्का म्हणाली, कमी न्हाय. पण तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

एक गोष्ट मी तिला सांगितली नाही, इथे सांगते. ते आकडे ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदींवरून काढलेले आहेत. ती माणसं जन्मभर खुर्चीवर बसलेली. जमिनीवर बसणाऱ्या बाईच्या गुडघ्याचं काय होतं, ते त्यात शोधण्यात अर्थ नाही. हे माझ्या बाजूने जातं की अक्काच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गुडघा लवकर झिजेल म्हणून जपावा, असंही यातून निघतं. आणि ज्या भरवशावर मी जपते आहे तो भरवसाच माझा नाही, असंही.

चहा झाला. चहानंतर अक्काने पुन्हा तोच धागा धरला. तिची ती सवयच आहे, लहानपणी भांडण ती उद्यासाठी ठेवायची.

"आधी दुखत हुतं आन् शिवत हुतीस. आता दुखत न्हाय आन् शिवत न्हाईस. मग औषध झालं कशावर?"

"असं कसं म्हणतेस? मला चालता येत नव्हतं. रात्र रात्र जागी असायचे."

"आता लागती झोप?"

लागत नाही. सातव्या आठवड्यातही रात्री दोनला ठणका लागतो, कूस बदलता येत नाही. सगळे म्हणतात तीन महिने जाऊ दे. पण मुद्दा तो नव्हता. मी म्हटलं, "शेवटचं वर्ष मी दात-ओठ खाऊन शिवत होते. एक ओळ घालायची आणि पाय लांब करून पाच मिनिटं बसायचं. त्याला काय शिवणं म्हणायचं?"

"आई काय म्हणायची त्याला?"

आईला आमच्या वादात आणणं हा अक्काचा जुना डाव आहे आणि मला त्याचा राग येतो. आईने गोधड्या शिवल्या त्या पांघरायला नव्हतं म्हणून. तिला कुणी छंद म्हटलं असतं तर तिला तो शब्दच कळला नसता. माझ्या घरात सहा ब्लँकेटं आहेत. मी शिवते ते मला आवडतं म्हणून, आणि आवडीसाठी गुडघा मोडून घेणं हा चोचला आहे. आईला निवड नव्हती, मला आहे. म्हणून माझ्यावर जबाबदारी जास्त आहे.

"म्हंजी पोट भरायला गुडघा झिजला तर चालतो. जिवाला बरं वाटावं म्हणून झिजला की चोचला."

"हो," मी म्हटलं. "जवळजवळ तसंच."

"हे तुला शाळंत शिकवलं का कुणी घरात?"

हा प्रश्न मी टाळला. खरं म्हणजे तिथेच गोम आहे. ऑपरेशनच्या आधी सर्जनने विचारलं होतं, बरं झाल्यावर तुम्हाला नक्की काय काय करता यायला हवं? मी सांगितलं, दुखायला नको, जिने चढता यावेत, थोडा प्रवास व्हावा. गोधडीचं नाव काढलं नाही. मुलगी शेजारी बसली होती, बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते, आणि इतक्या मोठ्या माणसापुढे 'मला खाली बसून जुन्या साड्या शिवायच्या आहेत' हे म्हणायला जीभ रेटली नाही. हे मी अक्काला सांगितलं.

"सांगितलं असतंस तर?"

"त्यांनी नाही म्हटलं असतं."

"मग तू ऑपरेशन केलंच नसतंस?"

"केलं असतं."

"मग न्हाई सांगितलं, त्यात बिघडलं काय?"

उत्तर तेच आलं असतं, निर्णयही तोच झाला असता. तरी काहीतरी बिघडलं आहे. निदान सोडते आहे हे माहीत असताना गोधडी सोडली असती. आता ती माझ्या हातून न विचारता गेली आहे. हे तिला सांगायला मी वाक्य जुळवत होते, आणि शिक्षकी सवयीने एक उपमा तोंडात आली. मी म्हटलं, "बघ ना, आता मीच एक गोधडी झाले आहे. फाटलं ते काढलं, ठिगळ लावलं, टाके घातले..."

"उगं काहीतरी. वाकळंत जुनं ऱ्हातं. तुझ्या गुडघ्यातनं जुनं काढून टाकलंय."

उपमा तिथेच मेली. मी हसले, मग मला रडू आलं. ते गुडघ्यासाठी नव्हतं. तीन आठवड्यांची रजा काढून मुलगी बंगळुरूहून आली होती. मला धरून पहिल्यांदा बाथरूमला नेताना ती "आई, सावकाश" म्हणाली, तो आवाज मला आठवला. मी खाली बसले, पडले, सांधा निखळला, तर विमान पकडून कोण येणार? गुडघा माझा, पण त्याचा जामीन ती आहे. अक्काला मी हे सांगितलं. मला वाटलं आता ती गप्प बसेल.

ती खरंच थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बसण्याचं भ्या न्हाय तुला. उठण्याचं हाय."

तेही खरं आहे. खाली जाणं कसंही जमेल. वर येताना एका क्षणी सगळा भार त्या वाकलेल्या गुडघ्यावर येतो, किंवा दोन्ही गुडघे टेकून उठावं लागतं. माझ्या वणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर आहे. तिथे जमीन लागली की ते माझंच हाड आहे की दुसऱ्याचं, हे कळत नाही.

"तुझं काय?" मी विचारलं. "तू उठतेस ते आईला हाक मारून. उद्या भिंत नसली तर?"

"तर बसून ऱ्हायीन."

"आणि मग?"

"आन् मग काय. कुणीतरी येतंच की."

याच उत्तरासाठी मी पाऊण तास थांबले होते. म्हटलं, "बघ! तुझं सगळं तत्त्वज्ञान त्या कुणीतरीवर उभं आहे. गावात सून आहे, शेजार आहे. इथे तिसऱ्या मजल्यावर दार लावलं की कुणी नाही. म्हणून मला जपायला लागतं."

मला वाटलं, जिंकले. अक्काने वादाकडे पाठच फिरवली. भिंत धरून, आईला हाक मारत ती उठली, स्टूल ओढलं आणि कपाटावरची गुंडाळी खाली ओढली. धूळ उडाली. जमिनीवर तिने ती पसरली, हात फिरवला आणि सुई शोधून काढली. सुईभोवती तांबूस डाग पडला होता, माझ्या निळ्या साडीच्या काठावर.

"गंजली. दुसरी हाय?"

पलंगाशेजारच्या डब्यात होती. तिने सुई आणि दोरा माझ्या हातात दिला, मी दिवा लावून चौथ्या प्रयत्नात ओवली. ती गोधडीवर जाऊन बसली, डावा पाय आडवा, उजवा गुडघा उभा, आणि मी जिथे थांबले होते तिथून पुढे निघाली. मी वरून बघत होते. तिचे डोळे माझ्याहून वाईट आहेत.

"अक्का, टाके मोठे पडतायत."

"पडूं देत."

"माझे सगळे एका मापाचे आहेत. ही ओळ वेगळी दिसणार. उसव ती."

तिने मान वर केली नाही. "उसवायचं असंल तर खाली ये."