अनवाणी पावले

महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुणाने पादत्राणे सोडून अनवाणी वावरावे काय? प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु वाचकहो, वसतिगृहात राहणारा आपला मुलगा नाताळच्या सुट्टीत घरी आला व 'मी वहाणा सोडल्या आहेत' असे म्हणाला, तर तुम्ही त्याला काय उत्तर द्याल?

बहुतेक जण काट्यांची व लोकनिंदेची भीती घालतील. पहिली भीती खोटी नाही. अंकुशकृमी घाणेरड्या ओल्या मातीतून तळव्याच्या कातडीवाटेच शरीरात शिरतो, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तर अनवाणी जाऊच नये. तथापि दुसरी बाजूही आहे. भारतातील २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जोडे वापरणाऱ्यांत सपाट तळव्यांचे प्रमाण शेकडा ८.६, तर अनवाणी वावरणाऱ्यांत शेकडा २.८ आढळले. अर्थात ती चार ते तेरा वर्षांची मुले होती. विशीतल्या विद्यार्थ्याने त्यावर फार विसंबू नये.

त्याला होणारा लाभ निराळा आहे. अनवाणी माणसाला खाली पाहून, सावकाश चालावे लागते. सावली कोठे पडते, नळाचे पाणी कोठे साचते, काच कोणी फोडून टाकली आहे, हे त्याचा पायच त्याला सांगतो. दोन वर्षे ज्या वाटेने तो वर्गात जात होता, ती वाट त्याला प्रथमच कळते. होरेबापाशी मोशेला जोडे काढण्याची आज्ञा झाली (निर्गम ३:५), ती काही मंदिराच्या उंबरठ्यावर नव्हे. मेंढरे चारीत तो जेथे आला होता, त्याच रानात.

आपल्या देशात अशा व्रताचे उदाहरण म्हणून साधू सुंदरसिंग यांचे नाव सहज ओठांवर येते. १९०५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, सिमल्यास बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि अनवाणी पायांनी पंजाबच्या व हिमालयाच्या वाटा तुडवल्या. रक्ताळलेल्या पावलांचा प्रेषित, असे लोक त्यांना म्हणू लागले. पुढे लाहोरच्या धर्मशिक्षण महाविद्यालयात ते काही महिने विद्यार्थीही होते. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. ते सधन शीख घराण्यातील पुत्र होते. जोडे घरी होते, म्हणून ते सोडता आले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांना ही निवड नव्हती. अस्पृश्य मानलेल्या माणसाने वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या, असा दंडक महाराष्ट्रात व इतर प्रांतांतही कित्येक गावी होता. अशा घरातला पहिला पदवीधर चकचकीत बूट घालून उपासनेला येतो, तेव्हा ती निव्वळ ऐट आहे असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप नोकरांकरवी मुलाच्या पायांत जोडे घालवतो (लूक १५:२२). त्या काळी दास अनवाणी असत, जोडे ही पुत्रत्वाची खूण होती, असे भाष्यकार सांगतात. एकाच शास्त्रात जोडे काढणे ही नम्रता आणि जोडे घालणे हा सन्मान! विसंगती वाटते खरी. परंतु दोन्ही ठिकाणी माणसाला खाली लोटणारे कोणी नाही.

तेव्हा मुलावर रागावू नका, आणि लगेच त्याची वाहवाही करू नका. त्याला आजोबांजवळ बसवा आणि ते कोणत्या वाटेने, कसे शाळेत गेले, हे त्याला त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मग एवढेच विचारा : तुझ्या वसतिगृहाची मोरी रोज सकाळी जो माणूस धुतो, त्याच्या पायांत काय असते, हे तू पाहिले आहेस काय?