सुईची जागा

तासगावच्या गुरुजींची साखर काही केल्या उतरत नव्हती. उपाशीपोटी २१०, जेवल्यावर दोन तासांनी तीनशेच्या घरात, आणि तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी एचबीएवनसी ९.८. पथ्यात कसूर नव्हती. बिनसाखरेचा चहा, मोजून भाकरी, पहाटेचा फेरफटका, इन्शुलिन घड्याळाच्या काट्यावर. तरी डॉक्टर खेपेखेपेला डोस वाढवत होते आणि एकदा त्यांनी विचारलंच, "गुरुजी, खरं सांगा, चोरून गोड खाता का?" घरीही तीच शंका. सुनेनं बेदाण्यांचा डबा कपाटात कुलूपबंद केला. जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसाला हे फार लागलं. त्यांनी वाद घातला नाही, बोलणंच कमी केलं. असा संशय माणसाला आजाराहून लवकर खचवतो, आणि खचलेला माणूस दवाखान्यात प्रश्न विचारत नाही.

नोव्हेंबरात सांगलीला एका मंगल कार्यालयात मधुमेहाची परिषद भरली. एरवी अशा परिषदा डॉक्टरांच्या डॉक्टरांत होतात. इथे रुग्णांनाही बोलावलं होतं. मुलाच्या आग्रहाखातर गुरुजी आले आणि मागच्या रांगेत बसले. त्यांचे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. सकाळच्या भाषणांतून गुरुजींनी वहीत बरंच टिपलं: १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं काढलं, त्याआधी हा आजार जडलेल्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे इलाज नव्हता, आणि १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन हा बँटिंगचा जन्मदिवस.

जेवणाआधी सातवीतली एक मुलगी व्यासपीठावर आली. टाइप वन, पाच वर्षांची असल्यापासून इन्शुलिनवर. फोमच्या उशीवर तिनं सुई टोचून दाखवली. बेंबीभोवती दोन बोटं सोडायची, पोट झालं की मांडी, आणि कालच्या टोचणीपासून आजची बोटभर लांब.

"एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ होते," ती म्हणाली. "गाठीवर दुखत नाही, म्हणून आपण परत तिथेच टोचतो. पण तिथून इन्शुलिन नीट शोषलं जात नाही. कधी कमी, कधी एकदम."

गुरुजींचा हात आपसूक सदऱ्याखाली गेला. बेंबीच्या डाव्या अंगाला लिंबाच्या फोडीएवढा फुगवटा होता, दाबला तर रबरासारखा. ते उभे राहिले.

"बाळ, मी सहा वर्षं एकाच जागी घेतोय. तिथे दुखत नाही म्हणूनच."

"मग जागा बदला, आजोबा. पण डॉक्टरांना विचारून. मी जागा बदलली तेव्हा डोस तेवढाच ठेवला आणि साखर ५२ वर आली. दरदरून घाम, हात थरथरायला लागले."

डॉक्टर पुढून उठून मागे आले. गुरुजींना बाजूच्या खोलीत नेऊन त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, मग परत येऊन माइक हातात घेतला.

"वर्षभरात मी यांचा डोस चारदा वाढवला. पोट एकदाही पाहिलं नाही. गोड खाता का, एवढं मात्र विचारलं. गुरुजी, चूक माझी."

शेजारी बसलेल्या मुलानं मान खाली घातली. भरल्या सभेत डॉक्टरांनी हे बोलणं मला त्या दिवसाच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं वाटतं. रात्रीचा डोस त्यांनी तिथेच कमी करून लिहून दिला. नवी जागा, काही दिवस वरचेवर तपासणी, आणि साखर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

मग हात वर होऊ लागले. मिरजेच्या एका बाईंनी पिशवीतून बाटली काढली. "हिच्यावर ४० लिहिलंय आणि दुकानदारानं केशरी टोपणाच्या सिरिंज दिल्यात. चालतं का?"

अजिबात चालत नाही. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, केशरी टोपणाची १०० च्या औषधाला. केशरी सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जातात फक्त ८ युनिट. उलटी गल्लत तर जिवावर बेतणारी: १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये भरलं, तर अडीचपट डोस जातो. बाई महिनाभर हेच करत होत्या आणि त्यांनाही घरचे म्हणत होते, तू पथ्य पाळत नाहीस.

कुणी विचारलं, शेतावर फ्रीज नाही, इन्शुलिन कुठे ठेवू? मागून एका शेतकऱ्यानंच उत्तर दिलं: मातीच्या मडक्यात, मडकं ओलं ठेवून, सावलीत. व्यासपीठावरच्या डॉक्टरांनी मान डोलावली.

प्रश्न संपेनात. पण बऱ्याच जणांनी जेवणाआधीची सुई टोचून घेतली होती, त्यांची ताटं लांबवणं धोक्याचं होतं. तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण एकाच पंगतीला बसले, आणि वाढप्यानं गुरुजींच्या पानात दुसरी भाकरी ठेवेपर्यंत त्यांचा पुढचा प्रश्न विचारूनही झाला होता.